आघाडी की दावण?

गेल्या महिन्यात सावेडीत एका मित्राच्या घरी जिल्ह्यातील डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांची एक छोटी बैठक झाली. पंधरा-वीस माणसे होती आणि त्यांतील निम्म्यांनी साठी ओलांडलेली होती. जिल्ह्यात पुन्हा एकवार डावी आघाडी उभारावी, नगर-संगमनेरचे विडी कामगार, पाथर्डीकडचे उसतोड मजूर, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार यांचे प्रश्न एकत्रितपणे हाती घ्यावेत, असा विषय होता. तो सर्वांना मान्यही होता. मतभेद झाला तो मसुद्याच्या सहाव्या कलमावर. आघाडीचे नेतृत्व तिच्यातील सर्वांत संघटित पक्षाकडे राहील, त्याचे निर्णय सर्व घटकांस बंधनकारक असतील आणि घटकांनी आपले मतभेद आघाडीबाहेर मांडू नयेत, अशा आशयाचे ते कलम. मी हरकत घेतली. तेव्हा मसुदा लिहिणारे ज्येष्ठ कॉम्रेड शांतपणे म्हणाले, "तुम्हा समाजवाद्यांना नेतृत्व म्हटले की हुकूमशाहीच दिसते. चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाबरोबर आणखी आठ पक्ष आहेत. पूर्व जर्मनीत होते, पोलंडमध्ये होते. एकपक्षीय राजवट हा शब्द अमेरिकेने रूढ केलेला आहे."

ह्या गृहस्थांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांनी उभे आयुष्य लाल बावट्याखाली विडी कामगारांत काढले आणि स्वतःसाठी काही मिळवले नाही. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला टाळीबाज उत्तर देऊन भागणार नाही. सत्तेवर असलेल्या कम्युनिस्ट पक्षाला ज्या आघाड्यांनी पाठिंबा दिला, त्यांत लहान पक्षांचे काय झाले, हा प्रश्न त्यांनीच उपस्थित केला आहे. तो सरळ तपासून पाहू.

चीनमध्ये आठ पक्ष आहेत ही गोष्ट अगदी खरी. १९४९ च्या सप्टेंबरात पेकिंगला जी राजकीय सल्लागार परिषद भरली तीत ते होते आणि आजही आहेत. कुओमिंतांगची क्रांतिकारी समिती आहे, लोकशाही लीग आहे, शेतकरी-कामगार लोकशाही पक्षही आहे. (हे शेवटचे नाव वाचून आपल्या शेकापच्या मित्रांना बरे वाटेल, पण त्यांनी नावापाशीच थांबावे.) १९९३ साली तर कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखालील बहुपक्षीय सहकार्य दीर्घकाळ टिकेल, असे राज्यघटनेच्या प्रास्ताविकातच नमूद करण्यात आले. पण हे सहकार्य कसे चालते, ते १९५७ सालीच जगाला दिसले होते. त्या वसंत ऋतूत माओंनी शंभर फुले फुलू द्या अशी हाक दिली आणि मित्रपक्षांना मोकळेपणाने टीका करण्याचे आवाहन झाले. चांग पो-चुन हे लोकशाही लीगचे उपाध्यक्ष, शेतकरी-कामगार लोकशाही पक्षाचे प्रमुख आणि सरकारात दळणवळण मंत्री. मोठी धोरणे ठरवण्यापूर्वी मित्रपक्षांशी खराखुरा विचारविनिमय व्हावा, असे त्यांनी सुचवले. मित्रपक्षांचे म्हणून निघणाऱ्या 'क्वांगमिंग' दैनिकाचे संपादक छू आन-पिंग यांनी त्यापुढे जाऊन सारा देश एका पक्षाच्या मालकीचा झाला असल्याची तक्रार केली. फुलांचा हंगाम काही आठवड्यांतच संपला. दोघेही 'उजवे' ठरले. १९५८ च्या आरंभी चांग यांचे मंत्रिपद गेले. छू आन-पिंग १९६६ मध्ये नाहीसे झाले, ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. माओंच्या मृत्यूनंतर लाखो लोकांवरील 'उजवेपणा'चा शिक्का पुसण्यात आला. ह्या दोघांवरचा पुसला नाही. आणि त्यांचे पक्ष? आपल्याच नेत्यांची निर्भर्त्सना करून ते शाबूत राहिले. आमच्या कॉम्रेडनी मोजलेल्या आठांत ते आजही आहेत.

पूर्व जर्मनीची कथा थोडक्यात सांगता येते. १९४६ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत अंमलाखालील भागात सोशल डेमोक्रॅट पक्ष कम्युनिस्ट पक्षाशी एकत्र करण्यात आला. बर्लिनच्या पश्चिम भागात सोशल डेमोक्रॅट सभासदांना ह्या प्रश्नावर मत देता आले, तेथे त्यांनी मोठ्या बहुमताने तत्काळ विलीनीकरण फेटाळले. पूर्व भागात मतदान होऊच दिले नाही. उरलेले चार पक्ष राष्ट्रीय आघाडीत गेले. उमेदवारांची यादी एकच आणि कोणाला किती जागा हे मतदानाआधीच ठरलेले. त्या संसदेत १९८९ ची पडझड होईपर्यंत एकदाच विरोधी मत नोंदले गेले. १९७२ च्या मार्चमध्ये गर्भपाताच्या कायद्यावर ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाच्या १४ सभासदांनी विरोध केला आणि ८ तटस्थ राहिले. चार दशकांच्या बहुपक्षीय जीवनातील तेवढी एकच दुपार.

ही उदाहरणे लष्करी ताब्यातली आहेत, असे कोणी म्हणेल. मग चेकोस्लोव्हाकिया पाहा. तेथे आघाडी खरीच होती. १९४६ ची निवडणूक खुली झाली, कम्युनिस्टांना सुमारे ३८ टक्के मते मिळाली, गोटवाल्ड पंतप्रधान झाले आणि इतर पक्ष सन्मानाने मंत्रिमंडळात बसले. १९४८ च्या फेब्रुवारीत पोलिस दलात चाललेल्या कम्युनिस्ट भरतीच्या निषेधार्थ बारा बिगर-कम्युनिस्ट मंत्र्यांनी राजीनामे दिले. सोशल डेमोक्रॅट मंत्री मात्र जागचे हलले नाहीत, आणि त्यांच्या न हलण्यामुळेच गोटवाल्ड यांचे मंत्रिमंडळ कायद्याने शिल्लक राहिले. पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी ते राजीनामे स्वीकारले. त्याच वर्षी जूनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्ष कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला. बाहेर पडण्याची वेळ असताना तो आत राहिला आणि पुढे त्याला बाहेर पडायला स्वतःचे घरच उरले नाही.

ह्या सर्वांपेक्षा आमच्या कॉम्रेडनी विचार करावा तो पोलंडचा, कारण त्यात नुकसान कम्युनिस्ट पक्षाचे झाले. तेथे संयुक्त शेतकरी पक्ष आणि लोकशाही पक्ष असे दोन मित्रपक्ष चाळीस वर्षे प्रत्येक ठरावाला मान डोलावत आले. १९८९ च्या जूनमध्ये निवडणूक झाली तेव्हा कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागांपैकी ६५ टक्के राजवटीच्या आघाडीसाठी राखीव होत्या. कम्युनिस्टांना १७३, शेतकरी पक्षाला ७६, लोकशाही पक्षाला २७ आणि उरलेल्या काही कॅथलिक गटांना. मोकळ्या सोडलेल्या १६१ जागा सॉलिडॅरिटीने सगळ्याच्या सगळ्या जिंकल्या. हिशेब पक्का होता, बहुमत कागदावर सुरक्षित होते. पण ऑगस्टमध्ये त्या दोन आज्ञाधारक पक्षांनी कूस बदलली. १६१, ७६ आणि २७ यांची बेरीज २६४ होते आणि बहुमताला २३१ पुरतात. २४ ऑगस्ट १९८९ रोजी माझोविएत्स्की पंतप्रधान झाले.

चाळीस वर्षांत ह्या मित्रपक्षांनी एकदाही खरे मत सांगितले नव्हते. त्यामुळे आपल्या पाठीशी कोण आहे, हे कळण्याचे साधनच सत्ताधारी पक्षापाशी उरले नव्हते. घोडेगावच्या बाजारात दावणीला बांधलेली जनावरे पाहून ती मालकाच्या मायेपोटी उभी आहेत असे कोणी समजत नाही. ही समज पोलंडच्या पक्षाला नव्हती. सहाव्या कलमाने लहान घटकांची जीभ बांधली जाईल हे तर खरेच. पण मोठ्या पक्षाचे कानही त्याच दोरीने बांधले जातील.

"युरोप-चीनचे पुरे, नगरचे बोला," असे कॉम्रेड म्हणतील. तर हा वाद नगरला मुळीच नवा नाही. १९३६ च्या जानेवारीत मीरत येथे काँग्रेस समाजवादी पक्षाने कम्युनिस्टांना सभासद करून घेण्याचे ठरवले. त्यांच्या पक्षावर बंदी होती, त्यांना छप्पर हवे होते. जयप्रकाशांना डाव्यांची एकजूट हवी होती आणि तो हेतू थोर होता. तीन वर्षांत काय चालले आहे ते दिसू लागले. १९३९ मध्ये लोहिया, मसानी, अशोक मेहता आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन यांनी ह्याच प्रश्नावर राष्ट्रीय कार्यकारिणीचे राजीनामे दिले. १९४० मध्ये कम्युनिस्टांना काढून टाकण्यात आले, पण तोवर केरळची शाखा जवळजवळ जशीच्या तशी त्यांच्याकडे गेली होती आणि तामिळनाडू, आंध्रातही तोच प्रकार झाला होता. ई. एम. एस. नंबुद्रिपाद हे तर काँग्रेस समाजवादी पक्षाचे अखिल भारतीय संयुक्त चिटणीस होते! पुढे १९४२ आले. अच्युतराव भूमिगत होऊन लढा चालवीत होते, आचार्य नरेन्द्र देव नेहरू-आझादांसमवेत आमच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि कम्युनिस्ट पक्ष लोकयुद्धाच्या नावाने त्या लढ्याच्या विरोधात उभा होता. नरेन्द्र देव मार्क्सवादी होते, अखेरपर्यंत होते. त्यांचे भांडण मार्क्सशी नव्हते, हे आजच्या तरुण समाजवाद्यांनीही ध्यानात ठेवावे.

आता आमच्या पदरातील पापही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. १९४२ ची जखम इतकी खोल होती की तिने आमच्या पक्षाची विवेकबुद्धीच काही काळ नाहीशी केली. १९५७ च्या एप्रिलमध्ये केरळात नंबुद्रिपादांचे सरकार १२६ पैकी ६० जागा आणि ५ अपक्षांचा पाठिंबा एवढ्या बळावर आले. लोकांनी मतपेटीतून निवडलेले सरकार. त्याने कुळांना बेदखल करण्यास बंदी घातली, जमीन सुधारणेचे विधेयक आणले. ही तर समाजवाद्यांचीच मागणी होती. आणि प्रजासमाजवादी पक्ष काय करीत होता? काँग्रेस, मुस्लिम लीग, चर्च आणि नायर संघटना यांच्या मेळाव्यात शिरून 'विमोचन' लढा लढवीत होता. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. बक्षीस म्हणून १९६० मध्ये आमचे पट्टम थाणु पिळ्ळै काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले, दोन वर्षांनी त्यांची पंजाबच्या राज्यपालपदी रवानगी झाली आणि खुर्ची काँग्रेसकडे गेली. दावण केवळ लाल रंगाचीच असते असे नाही.

ह्याच पट्टम यांच्या १९५४ मधील सरकारची गोष्ट मात्र आम्ही अभिमानाने सांगू शकतो, अर्थात पट्टम यांच्यामुळे नव्हे. त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांच्या प्रजासमाजवादी सरकारच्या पोलिसांनी ऑगस्टमध्ये गोळीबार केला, माणसे मेली. डॉ. लोहिया पक्षाचे सरचिटणीस होते आणि तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. पक्षाने तो मानला नाही आणि पुढच्या वर्षभरात पक्ष फुटला. लोहियांना वेडगळ म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण नि:शस्त्र माणसावर गोळी झाडणारे सरकार कोणाचे आहे हे न पाहता प्रश्न विचारायचा, हा दंडक त्यांनी घालून दिला. तो पुढे बंगालच्या संदर्भात लागणार आहे.

ह्या साऱ्या कडवट इतिहासात महाराष्ट्राने एक वेगळा धडा घालून दिला, आणि बैठकीत त्याचे नावही कोणी काढू नये याचे मला नवल वाटले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी सरचिटणीस झाले. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, लाल निशाण, मजदूर किसान, ज्यांनी चौदा वर्षांपूर्वी एकमेकांना देशद्रोही म्हटले होते ते एका व्यासपीठावर आले. १९५७ मध्ये आमच्या जिल्ह्यातून लोकसभेवर कोण गेले पाहा. नगरमधून मजदूर किसान पक्षाचे र. के. खाडिलकर आणि कोपरगावातून फेडरेशनचे बी. सी. कांबळे. एका जिल्ह्यात दोन लहान पक्षांचे दोन खासदार, आणि त्यांच्यासाठी खेड्यापाड्यांत फिरणारे कार्यकर्ते निम्मेअधिक दुसऱ्याच पक्षांचे. (खाडिलकर पुढे काँग्रेसमध्ये गेले, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले, मंत्री झाले. आमच्या जिल्ह्यातील डावेपणाचा उतार नेहमी त्याच बाजूला राहिला आहे. अण्णासाहेब शिंदेही त्याच वाटेने गेले. पण तो विषय वेगळा.)

आणि मुंबईत काय झाले? १९५८ मध्ये समितीच्या पाठिंब्याने मीरत खटल्यातील एक आरोपी, कम्युनिस्ट नेते कॉ. एस. एस. मिरजकर देशातील सर्वांत श्रीमंत शहराचे महापौर झाले. अधिकारपदावरील कम्युनिस्टाला आघाडीने पाठिंबा दिल्याचे आपल्या घरचे उदाहरण हेच. अधिकार थोडे होते, हे मान्य. पण मुदत संपली तेव्हा मिरजकर खुर्चीतून उठले आणि दुसरा महापौर आला. प्रागला जे घडले नाही, ते मुंबईच्या पालिकेत कोणाला त्यात विशेष काही वाटल्यावाचून घडून गेले.

समितीत भांडणे नव्हती काय? भरपूर होती. १९५९ मध्ये चीनच्या सरहद्दीवरून तर ती पराकोटीला गेली, सभांतून झाली, वर्तमानपत्रांतून झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि प्रजासमाजवादी समितीतून बाहेर पडले. १९६२ च्या विधानसभेत शेकापला १५, प्रजासमाजवाद्यांना ९ आणि कम्युनिस्टांना ६ जागा मिळाल्या, काँग्रेसने २६४ पैकी २१५ जिंकल्या. बाहेर पडण्याची शिक्षा आम्हाला झाली. पण ती मतदारांनी दिली, कोणा पोलिस खात्याने नव्हे. आमच्या कचेऱ्यांना टाळे लागले नाही, आमची पत्रे बंद पडली नाहीत. म्हणूनच १९६७ मध्ये एस. एम. पुन्हा संपूर्ण महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर उभे राहू शकले आणि पुण्यातून लोकसभेवर गेले. ज्याला जाता येते त्यालाच परत येता येते.

राहिला बंगाल. तेथील डाव्या आघाडीविषयी न्यायाने बोलले पाहिजे. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्टांना २९४ पैकी १७८ जागा, म्हणजे एकट्याच्या बळावर बहुमत होते. तरीही त्यांनी फॉरवर्ड ब्लॉक आणि क्रांतिकारी समाजवादी पक्ष यांना सोबत घेतले, मंत्रिपदे दिली. बर्गादारांची नोंदणी झाली, पंचायती उभ्या राहिल्या. काँग्रेसने आपल्या मित्रांना महाराष्ट्रात कधी असे वागवले काय? पण तीस वर्षे एकत्र राहिल्यावर मित्रांची जीभ जड झाली. १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राममध्ये जमीन वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, १४ माणसे मेली. घटक पक्षांनी नाराजी व्यक्त केली, तीव्र शब्दांत केली, राजीनाम्याची भाषाही झाली. आणि सरकार चालू राहिले. येथे कोणी दोर बांधलेला नव्हता, कोणाचे मंत्री तुरुंगात जाणार नव्हते. तरी लोहियांनी तुरुंगातून जे केले ते मंत्रालयाच्या केबिनमधून कोणाच्याने झाले नाही. २०११ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट ४० जागांवर आले आणि मित्रपक्षही त्यांच्याबरोबर बुडाले. २००७ साली एखादा घटक बाहेर पडला असता तर सरकार पडलेही नसते. मात्र कोलकात्याच्या राज्यकर्त्यांना खडबडून जाग आली असती. (क्रांतिकारी समाजवादी पक्षाने २०१४ मध्ये केरळातील डावी आघाडी सोडली खरी, पण ती कोल्लमच्या लोकसभेच्या जागेवरून. हा मार्ग आहे हे ठाऊक असते, फक्त तो वापरायचा कशासाठी याचे तारतम्य सुटते.)

आमच्या जिल्ह्यातील डाव्यांजवळ आज सत्ता नाही, पोलिस नाही, महापौरपदही नाही. तेव्हा एवढ्या मोठ्या इतिहासाचे ओझे एका साध्या मसुद्यावर का टाकता, असे बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की नियम सत्ता नसतानाच लिहिता येतात. सत्ता आल्यावर ते मागावे लागतात, आणि मागणाऱ्याचे काय होते ते चांग पो-चुन यांना विचारावे. शिवाय आघाडीची गरज मला कॉम्रेडइतकीच वाटते. नागापूरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणारा मुलगा कोणत्या समाजवादाच्या झेंड्याखाली यावे याची वाट पाहत बसलेला नाही. त्याच्यापुढे जातीचे आणि धर्माचे झेंडे तयार आहेत, आणि ते मसुदे करीत बसत नाहीत.

म्हणून मी सहावे कलम खोडले आहे आणि त्याजागी तीन वाक्ये लिहिली आहेत. आघाडीचे निमंत्रकपद दरवर्षी एका घटकाकडून दुसऱ्याकडे जाईल. समान कार्यक्रम सोडून अन्य प्रश्नांवर, आणि घटकांपैकी कोणाच्याही चुकीवर, प्रत्येकास जाहीर बोलता-लिहिता येईल. कोणत्याही घटकास एक महिन्याची सूचना देऊन बाहेर पडता येईल, आणि बाहेर पडलेल्यास कामगारांचा शत्रू म्हटले जाणार नाही. पहिल्या वाक्यापुढे समासात मी मिरजकरांचे नाव आणि साल लिहून ठेवले आहे, कारण ते उदाहरण कॉम्रेडना नाकारणे जड जाईल, असा माझा कयास आहे.

मसुदा त्यांच्याकडे पोचला. परवा त्यांचा फोन आला. दुसरे आणि तिसरे वाक्य त्यांना पटलेले नाही. पहिल्याबद्दल ते पाहतो म्हणाले. "रविवारी या, भांडू," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. बैठक पुन्हा सावेडीतच आहे आणि मी जाणार आहे.